गोळीचा आवाज काढण्याआधी

मराठीतून इतिहासाच्या श्राव्यमालिका करणाऱ्या निर्मात्यांना, संहितालेखकांना आणि निवेदकांना,



जून महिना जवळ आला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी गणेशखिंडीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहतोच. साल १८९७, तारीख २२. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा सोहळा, गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या घोडागाड्या, अंधारात घातलेली हाक आणि पाठोपाठ प्लेग अधिकारी रँडवर झालेला पिस्तुलाचा बार. जणू कानांसाठीच घडलेला प्रसंग. घोड्यांच्या टापा तुम्ही छान वाजवता, हाकही छान घालता. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की तो बार जितका स्वच्छ ऐकू येतो तितके त्याच्याआधीचे चार महिने ऐकू येत नाहीत, आणि त्यातले जे ऐकू येते ते मुळात कोणी सांगितले, त्याला कसे कळले, त्याने ते कधी लिहून ठेवले याचा पत्ता संपूर्ण भागात लागत नाही. या पत्रातले मागणे एवढेच आहे: गुंतागुंतीच्या इतिहासावर भाग करायचा असेल, तर प्रत्येक मोठ्या विधानामागचा माणूस आणि त्याची वेळ गोष्टीच्या आतच ऐकू आली पाहिजे. भागाखालच्या वर्णनात पुस्तकांची यादी देऊन हे काम होत नाही. ती यादी फारसे कुणी उघडत नाही, आणि उघडली तरी कोणते वाक्य कोणत्या पुस्तकातले हे तिच्यावरून कळत नाही.

छापील लेखात हे इतके अडत नाही. अवतरणचिन्हे असतात, तळटीप असते, शंका आली तर वाचक दोन पाने मागे जातो. ऐकणारा माणूस मात्र स्वयंपाकघरात असतो, लोकलमध्ये असतो, गाडी चालवत असतो. त्याच्या कानावर सरकारी अहवाल, वर्तमानपत्रातला अग्रलेख, पन्नास वर्षांनी लिहिलेली आठवण आणि तुमच्या लेखकाने काल रात्री रचलेला संवाद हे सगळे एकाच निवेदकाच्या आवाजात, सारख्याच वजनाने पडते. आकाशवाणीवर नभोनाट्य लागायचे तेव्हा आधी लेखकाचे नाव सांगत, कलावंतांची नावे सांगत. आपण नाटक ऐकतो आहोत हे श्रोत्याला ठाऊक असे. तुमच्या मालिकेत निवेदक स्वतःच्या आवाजात माहिती देता देता एका श्वासात पात्राच्या तोंडी वाक्य घालतो, खालून तानपुरा किंवा ढोल सरकतो आणि माहिती कुठे संपली, नाट्य कुठे सुरू झाले हे कळायला जागा उरत नाही. निकालही बहुतेक वेळा संगीतच देऊन टाकते. इंग्रज अधिकाऱ्याचा आवाज घोगरा आणि मराठी तोडकेमोडके, क्रांतिकारकाचा आवाज खणखणीत. यावर श्रोत्याने विचार करायचा तो कशाचा?

आता १८९७ चेच उदाहरण धरून बोलू, कारण महाराष्ट्राच्या इतिहासात साधने इतकी भरपूर आणि इतकी एकमेकांशी भांडणारी असलेली प्रकरणे थोडी आहेत. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने प्लेगचे निदान केले ते सप्टेंबर १८९६ मध्ये. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले आणि सोबत एक लहानसे कलमही ठेवले: या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावर दावा चालणार नाही. हे कलम तुमच्यापैकी कुणी ऐकवल्याचे माझ्या कानावर आलेले नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत बोलका कागद आहे. त्याच्याकडे पुन्हा यायचेच आहे. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांची पथके घरोघर झडती घेऊ लागली, ती १९ मेपर्यंत. रोगी इस्पितळात, त्याचे नातेवाईक विलगीकरणाच्या छावणीत, अंथरूण-पांघरूण जाळायचे, भिंती धुवायच्या, जमिनी उकरायच्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँने दाखवून दिले ते १८९८ मध्ये, कराचीला. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने लोकांची घरे उलथीपालथी झाली ते शास्त्र त्या घडीला अर्धेच होते, आणि अधिकाऱ्यांना ते पुरे झाले आहे असे वाटत होते. रँडला सैतान करून टाकला की ही गोष्ट सांगायची राहून जाते, आणि मला तर ती सैतानाच्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटते.

झडतीत नेमके काय झाले? समितीच्या लेखी हुकमांत लोकांच्या चालीरीतींना, बायकांच्या पडद्याला जपावे अशा सूचना होत्या. रँडच्या अहवालात तर बायकांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही याबद्दल समाधान व्यक्त केलेले आहे. उलट मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत टिळकांच्या केसरीचा सूर कडक झाला होता, आणि याच टिळकांनी आधी साथ रोखण्याच्या उपायांना पाठिंबा दिला होता, गाव सोडून न जाता हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला होता. पथकांबरोबर फिरलेल्या बाळासाहेब नातूंनी तक्रारी केल्या. रँडच्या खुनानंतर नातू बंधूंनाच १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना स्थानबद्ध केले. आणि याच मे महिन्यात आणखी एक आवाज उठला, तो पंडिता रमाबाईंचा. आपल्या आश्रयाखालच्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेल्यानंतर जे घडले त्याबद्दल त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात उघड लिहिले, स्वतःच्या नावाने. ज्या रमाबाईंवर शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादात केसरीने चार वर्षांपूर्वी झोड उठवली होती, त्या ख्रिस्ती झालेल्या सुधारक बाईंची साक्ष इथे सरकारच्या विरुद्ध उभी आहे. एवढी एक गोष्ट नीट सांगितली तरी ‘देशभक्त एका बाजूला, सरकार आणि सुधारक दुसऱ्या बाजूला’ ही तयार मांडणी मोडून पडते.

आणि मग गोखले. हे प्रकरण तुमच्या मालिकांत एका वाक्यात उरकते, किंवा येतच नाही. खरे तर अख्खा भाग त्याच्यावर व्हावा. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे जात होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी मँचेस्टर गार्डियनला मुलाखत दिली, आणि तीत दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केल्याचा, त्यांतल्या एकीने पुढे जीव दिल्याचा आरोप होता. मुलाखत जुलैच्या सुरुवातीला आली. त्याच सुमारास, ३ जुलैला, जखमी रँडने प्राण सोडला. पार्लमेंटपर्यंत गाजावाजा झाला, मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. गोखले परतले तेव्हा पुरावा उभा करता येईना. पत्रे कोणी लिहिली हे त्यांनी उघड केले नाही, आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. गव्हर्नरची मागितली, सोजिरांचीही मागितली. इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटारडे ठरवले, पुण्यातल्या लोकांनी भित्रे ठरवले.

आता हा प्रसंग ध्वनीत कसा आणायचा? आजवर दोन रीती ऐकू येतात. पहिलीत अत्याचार झालाच असे धरून एका कलावंत बाईकडून किंकाळी घेतली जाते. दुसरीत, अलीकडे काही चुणचुणीत मंडळी ‘मिथक मोडतो’ म्हणून सांगतात की आरोप खोटा होता, गोखल्यांनी माफीच मागितली ना! या दोन्ही रीतींत उपलब्ध पुराव्यापेक्षा जास्त बोलले जाते. हातात आहे ते असे: आरोप झाला, तो ऐकीव होता, ज्यांनी लिहिला ते पुढे आले नाहीत, चौकशी करणारे तेच ज्यांच्यावर आरोप, कायद्याने दाव्याची वाट आधीच बंद केलेली, आणि त्या काळच्या पुण्यात सोजिराने हात लावला असे चारचौघांत सांगणाऱ्या बाईचे सासरी काय झाले असते ते कुणाला सांगायला नको. म्हणून माफी ही आरोप मागे घेतल्याचा पुरावा आहे. काही घडले नाही याचा पुरावा ती होत नाही. तसेच, काही घडले असण्याची दाट शक्यता ही नेमक्या त्या दोन स्त्रियांबद्दलची खात्री होत नाही. हे सगळे तीन मिनिटांत, साध्या मराठीत, एका निवेदकाला सांगता येते. त्यासाठी फक्त किंकाळी सोडावी लागते. पैसे देऊन घेतलेली ती किंकाळी श्रोत्याच्या कानात साक्षीसारखी राहते, आणि जी साक्ष त्या बायकांना कधी देता आली नाही तिची जागा आपण एका नटीच्या आवाजाने भरून टाकतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. स्त्रियांच्या तक्रारीवर शंका घेण्याची पद्धत सरकारची होती; तुम्हीही तेच शिकवता काय, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की शंका तक्रारीवर नाही, तक्रार आपल्यापर्यंत ज्या हातांतून आली त्यांच्यावर आहे, आणि तीही सर्व हातांवर सारखी. ‘विश्वासार्ह तक्रार नाही’ हे वाक्य वाचताना ते लिहिणाराच समितीचा अध्यक्ष होता आणि कोर्टाचे दार कायद्यानेच बंद होते, हे त्याच दमात सांगा. अधिकृत कागदाची अधिकृतता मग आपोआप उतरते. मी त्या कलमाला बोलका कागद म्हटले ते यासाठी: खटल्यांचे कागद नाहीत म्हणून अन्याय नव्हता असे म्हणणाऱ्याला ते कलम वाचून दाखवावे. उलट किंकाळीने हे होत नाही. श्रोता रडतो खरा, पण उद्या कुणी त्याला माफीनामा दाखवला की तो सगळ्याच प्रकरणावरचा विश्वास गमावून बसतो.

रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर चापेकरांच्या बाबतीत अडचण उलटी आहे, कारण तिथे शब्द भरपूर आहेत. तुरुंगात असताना त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त पोलिसांच्या दप्तरातून आपल्यापर्यंत आले. त्याचे इंग्रजी रूप मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे जे खंड काढले त्यांच्या दुसऱ्या खंडात आहे. तुम्ही जेव्हा ‘दामोदरपंत स्वतः लिहितात’ असे म्हणून एखादा उतारा धीरगंभीर आवाजात वाचता, तेव्हा तो मराठी मजकुरावरून घेतला की पोलिसांच्या इंग्रजीवरून पुन्हा मराठीत आणला, हे सांगायला एक वाक्य पुरते. सांगितले मात्र पाहिजे, कारण श्रोता तो उतारा दामोदरच्या तोंडचा म्हणून मनात ठेवतो. आणि निवडीचा प्रश्न याहून मोठा आहे. त्याच आत्मवृत्तात मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे, ती तुम्ही हौसेने सांगता. ख्रिस्ती झालेल्या प्राध्यापक वेलिणकरांवर केलेला हल्लाही त्यातच आहे. सुधारकांबद्दलचा तिरस्कार पानोपानी आहे. टिळकांबद्दलही नाराजी आहे: धड सुधारक नाहीत, धड सनातनी नाहीत, असा सूर. हे वगळले की एक सुटसुटीत क्रांतिकारक शिल्लक राहतो आणि प्रत्यक्षात जो तरुण जगला, धर्म बुडाला या संतापातून ज्याचे राजकारण निघाले, तो नाहीसा होतो. १८ एप्रिल १८९८ ला तो फासावर गेला. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या पाच दिवसांत वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण गेले. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण: एका घरातले तीन भाऊ. या त्यागाला कमीपणा येईल म्हणून वेलिणकर गाळायचे, असे जो म्हणतो त्याला तो त्याग फारच ठिसूळ वाटत असला पाहिजे.

द्रविड बंधूंबद्दल थोडक्यात. वीस हजारांच्या इनामाची घोषणा, चापेकरांबद्दल त्यांनी दिलेली खबर आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांचा झालेला खून ही साखळी माहीत आहे. तुमच्या भागांत ते ‘फितूर’ म्हणून येतात आणि त्यांच्या मरणावर जल्लोषाचे संगीत वाजते. फितुरी सांगा, पण जल्लोष कुणाचा, तुमचा की १८९९ च्या पुण्याचा, हे तरी वेगळे कळू द्या.

टिळकांच्या खटल्यात तर साधा कालक्रमच बिघडतो. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा लेख लिहिला म्हणून टिळकांना शिक्षा झाली, असे इतक्या वेळा ऐकू येते की ते आता पाठ्यपुस्तकासारखे झाले आहे. तो लेख जुलैचा, खुनानंतरचा. राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या केसरीतल्या मजकुरावर, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेल्या कवितेवर. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला, नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले, आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. खुनाच्या कटाचा आरोप त्यांच्यावर नव्हता. क्रम चुकला की अर्थ चुकतो: खुनानंतर सरकारवर टीका केल्याची शिक्षा वेगळी, आणि उत्सवात इतिहासातल्या एका वधाची चर्चा केली म्हणून आठवड्याने झालेल्या खुनाचे पाणी तुमच्या दारापर्यंत आणून सोडणे वेगळे. पहिल्यात सरकार नुसते रागावलेले दिसते. दुसऱ्यात त्याने इतिहास सांगण्यावरच खटला भरलेला दिसतो, आणि इतिहास सांगणे हाच व्यवसाय असलेल्या तुम्हाला ही गोष्ट सोडून देववते याचे मला नवल वाटते.

यावर हल्ली ठरलेले उत्तर मिळते: ‘ठीक आहे, आम्ही दोन्ही बाजू मांडू.’ कृपा करून मांडू नका. बाजू दोन नाहीतच. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. हडपसरजवळ डॉक्टर मुलाने, यशवंतने, काढलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी पुण्यात झडती सुरू झाली. एकाच शहरातली, एकाच आठवड्यातली ही दोन कथानके, आणि तुमच्या मालिकांत ती दोन वेगळ्या पर्वांत, दोन वेगळ्या जयंती-पुण्यतिथ्यांना येतात. एकमेकांना कधी भेटत नाहीत. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत एका मुलीला तपासायला पथक गेले आणि दंगल पेटली. त्यांच्यापैकी कुणी आत्मवृत्त लिहिले नाही. त्यांच्याबद्दल जे कळते ते पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या कागदांतून. पुढच्या दोन दशकांत या देशात कोटीच्या आसपास माणसे प्लेगने मेली. ती बहुतेक गरीब होती आणि त्यांना ‘बाजू’ म्हणून कुणी माइकसमोर बसवलेले नाही. सरकारची बाजू पाच मिनिटे, चापेकरांची पाच मिनिटे अशी वाटणी केली की ही सारी माणसे पुन्हा बाहेर राहतात. कोण बोलला, कोण बोलू शकला नाही, आणि न बोलणाऱ्याबद्दल आपण कुणाच्या तोंडून ऐकतो आहोत, या प्रश्नांनी भाग बांधला तर ती आत येतात.

श्रोता पळून जाईल, हा तुमच्याकडचा सर्वांत जुना धाक. लोकांना गोष्ट हवी असते, ‘अमुकच्या मते’ आणि ‘तमुकच्या अहवालानुसार’ नको असते, असे तुम्ही म्हणता. अहवालाच्या भाषेत सांगितले तर खरेच नको असते. पण विलायतेत मुलाखत देऊन बसलेला, परतीच्या बोटीवर असलेला, ज्यांच्या पत्रांवर विसंबला त्यांची नावे घेता येत नाहीत असा तिशीतला गोखले ही गोष्ट नव्हे काय? साधनांचा प्रवास हीच बहुधा इतिहासातली सर्वांत रंगतदार गोष्ट असते. आणि ही काही परकी शिस्त नाही. शाहीर पोवाड्याच्या शेवटच्या चौकात स्वतःचे नाव घालतो. कोण गातो आहे हे ऐकणाऱ्याला कळते. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराममहाराजांसाठी जिंजीला लिहिली गेली हे तिच्यातूनच समजते, आणि तिची ताकद व मर्यादा दोन्ही त्यावरून जोखता येतात. ज्या परंपरेचा दाखला देऊन तुम्ही ‘आम्हीही आजचे शाहीर’ म्हणता, तिच्यात नाव लपवण्याची रीत नव्हती.

दुसरा धाक अधिक खरा आहे. भावना दुखावतील, धमक्या येतील, कुणी तक्रार ठोकील. महाराष्ट्रात इतिहासावर बोलणाऱ्याला हा धाक का वाटतो हे सांगत बसण्याची गरज नाही. २००४ च्या जानेवारीतल्या हल्ल्यात पुण्याच्या भांडारकर संस्थेची काय अवस्था झाली ती सर्वांना आठवते. घरात एक माइक आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्या दोघा-तिघांना संस्थेचे बळ नसते, वकील नसतो. म्हणून धाडस करा असा फुकटचा उपदेश मी करणार नाही. पण नाव घेऊन केलेले विधान बिननावाच्या विधानापेक्षा सुरक्षित असते, हा व्यवहार आहे. ‘चापेकर सुधारकद्वेष्टे होते’ हे तुमचे मत ठरते आणि भांडण तुमच्या दारात येते. ‘दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात असे नमूद केले आहे’ हे म्हटले की भांडायचे असेल त्याला आधी ते पुस्तक उघडावे लागते. आणि एखादी गोष्ट सांगण्याची हिंमत होत नसेल तर ती सोडून द्या, पण तिच्या जागी उलटे काही रचून घालू नका. एवढे तरी आपल्या हातात असते.

‘आम्ही इतिहासकार नाही’ हेही ऐकू येते, बहुधा नम्रतेने. नसाल, पण हजारो माणसे या विषयावर आयुष्यात जे एकमेव काही ऐकणार आहेत ते तुमचे आहे. वर सांगितलेला बराचसा मजकूर छापलेला आहे, ग्रंथालयात मिळतो. चूक दाखवली तर जुना भाग उघडून त्याच्या आरंभी पंधरा सेकंदांची दुरुस्ती जोडता येते. छापील पुस्तकाला ही सोय नाही. तुमच्यातले फार थोडे ती वापरतात. भाग काढून टाकणे किंवा काही झालेच नाही असे वागणे, हेच जास्त दिसते.

शेवटचा मुद्दा यंत्राच्या आवाजाचा, कारण तो आता दारात नव्हे, घरात आला आहे. १८९७ मधल्या या माणसांच्या तेव्हाच्या आवाजाचा कण आपल्याकडे नाही. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले तेच १९०२ मध्ये. २०१२ साली, १९१५ च्या गणेशोत्सवातला टिळकांचा आवाज म्हणून एक मुद्रण पुढे आले, त्याच्या खरेपणावर लगेच वाद झाला, आणि तो वाद होणे योग्यच होते. आज मात्र कुणीही बसल्या जागी टिळक, गोखले, रँड बोलते करू शकतो, तेही खरखरीसकट, जुन्या तबकडीसारखे. तशी खरखर मिसळणे हा माझ्या दृष्टीने कागद पिवळा करून बनावट दस्त तयार करण्याचाच प्रकार आहे. कृत्रिम आवाज वापरायचाच असेल तर तो सुरू होण्याआधी निवेदकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे की हा आवाज यंत्राचा आहे, शब्द अमुक ठिकाणचे आहेत आणि एवढे शब्द आम्ही रचलेले आहेत. शेवटच्या श्रेयनामावलीत नव्हे, कारण तोवर श्रोता उतरून गेलेला असतो. जे हे करायला तयार नसतील त्यांनी सरळ नभोनाट्य करावे, लेखकाचे नाव आधी सांगून. त्याला माझी काहीच हरकत नाही. चांगल्या नभोनाट्याची मराठीला गरजच आहे.



आपल्या मालिकांचा एक नियमित श्रोता